केलेली कार्यवाही

कलिन्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं.
गळ्यात पट्टी, पट्टीवर आडनाव चुकलेलं,
तेरेदेसाईचं तेरदेसाई.
एसी इतका की गवाणकर सरांनी
रुमाल कानांवरून बांधून घेतला.
तीस वर्षं सूक्ष्मजीव शिकवून
आता ते शिकणार होते, ऐकायचं कसं.

नोरोन्हा मॅडम म्हणाल्या, सल्ला देऊ नका.
"का" विचारू नका, "का"ला धार असते.
विचारा, कसं चाललंय. मग गप्प बसा.
मनात सात आकडे मोजा.
शिक्षकाला तीनच्या पुढे जाववत नाही,
हा त्यांचा अनुभव.
आणि सीमा आखा. मुलांच्या आयुष्यात डोकवा,
राहायला जाऊ नका.

मग जोड्या पाडल्या. मी विद्यार्थिनी, सर मेंटर.
मी सांगायचं होतं, नापास झालेय.
सर म्हणाले, "अरेरे," आणि पाचव्या सेकंदाला
कुठलं गाईड घे तेही सांगून मोकळे.
सगळे हसले. सरही.
चहाच्या वेळी मात्र खांबाआड उभे राहून म्हणाले,
"एक मुलगा होता, शहाण्णव साली..."
मी मोजायला लागले.
चारवर कुणीतरी बिस्किटं पुढे केली.

तर माझ्या वाट्याला बावीस मुलं.
संख्याशास्त्राची बाई मी,
बावीस हा नमुना म्हणूनही लहानच.
प्रत्येकाला सत्रातून पंधरा मिनिटं,
मंगळवारी, लॅबच्या मागच्या खोलीत,
जिथे मेलेले सीपीयू एकावर एक रचलेत
आणि खिडकीतून मेट्रोचा खांब दिसतो.
मेट्रो नाही. खांब.

यतीन धनावडे, एस.वाय., हजेरी एक्केचाळीस टक्के.
स्टुलाच्या कडेवर बसला, सॅक मांडीवर,
उठायच्या तयारीत.
कसं चाललंय?
"बरंय."
एक. दोन. पंखा. चार.
सहाला जिभेवर हजेरीचा नियम आला,
गिळला.
आठवर तो बोलला.

"साकीनाक्याला गोडाऊन आहे, मॅडम.
गिऱ्हाईक येत नाही तिथे, नुसत्या ऑर्डरी.
रात्री दहा ते पाच. फोन वाजला की
दोन मिनिटांत पिशवी भरायची.
दही कुठे, सेल कुठे, झुरळांचा खडू कुठे,
डोळे मिटून सांगेन.
फक्त सकाळी तुम्ही फळ्यावर
तो घंटेसारखा आलेख काढता ना,
त्याच्या उतारावर झोप लागते.
उतार फार छान आहे तो."

मी फॉर्मवर लिहीत होते: आर्थिक. रात्रपाळी.
तो म्हणाला, "तुमची पिशवी पण मीच भरतो.
बिलावर नाव असतं.
चांदिवलीत तेरेदेसाई दुसरं कुणी नाही."
आणि आवाज खाली घेऊन,
"मोठ्या माणसांचे डायपर.
दीड वाजता. कधी तीनला पण."

स्टाफरूममध्ये कुणाला ठाऊक नाही हे.

"घरी कोण असतं, मॅडम?"
आणि गप्प बसला.
त्याला कुणी दोन दिवस
कलिन्याला बसवलेलं नव्हतं.
फॉर्मची कड पंख्याखाली फडफडली. पाच. सहा.
सीमा मी आखली होती खरी,
खडूने आखली असावी.
"वडील," म्हटलं. "मला सिस्टर म्हणतात.
रोज पगार विचारतात माझा,
आणि कमी आहे म्हणून हळहळतात."

त्याने मान हलवली.
"लार्ज साइज रविवारी रात्रीच संपतो.
शनिवारी टाकत जा.
आणि ते निळं पाकीट नको, खूप परत येतं."
सल्ला. सरळसरळ सल्ला.

पंधराची एकोणीस मिनिटं झाली होती,
बाहेर पुढची मुलगी दार वाजवत होती.
'केलेली कार्यवाही' या रकान्यात मी लिहिलं:
मंगळवारचं पहिलं लेक्चर दुपारी घेता येईल का,
विचारते.
खाली सह्यांच्या दोन चौकटी.
त्याने घाईत मेंटरच्या चौकटीत केली
आणि सॅक उचलून गेला.
कोरा फॉर्म होता माझ्याकडे, ड्रॉवरमध्ये, गठ्ठाच होता.
उरलेल्या चौकटीत मी सही केली.